खाणीतलं पाणी

पंप बंद झाला तेव्हा सगळ्यांच्या आधी ते म्हातारीच्या लक्षात आलं. ती दारात बसून खोकत होती. खोकता खोकता थांबली आणि म्हणाली, "आवाज कुठे गेला?"

सून आत भांडी घासत होती. तिचेही हात थांबले. दगडखाणीच्या तळातला पाणी उपसायचा मोठा पंप रात्रंदिवस घरघरत असायचा. त्या घरघरीची इतकी सवय झालेली, की ती गेल्यावर कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. कामगारांच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांमधून माणसं बाहेर आली आणि खाणीकडे बघत उभी राहिली.

काम आधीच बंद होतं. पूर्वेच्या कड्याचा एक मोठा पापुद्रा सुटून खाली आला होता आणि त्यात सुनेच्या धाकट्या दिराचा पाय घोट्यापासून चेचला होता. तेव्हापासून तो खाटेवर पडून होता. कड्याचा वरचा भाग अजून तसाच पुढे झुकलेला होता, दात पडलेल्या माणसाच्या ओठासारखा. कामगारांचं म्हणणं, आधी तो झुकता भाग वरून पाडा, मग आम्ही खाली उतरू. मालकाचं म्हणणं, तो पाडायचा तर सगळा हंगाम हातचा जाईल, आणि कडा काय आजचा आहे का. बोलणी तिच्या नवऱ्याने केली. तो सुरुंगवाला. दगडात कुठे भोक पाडायचं, दारू किती ठासायची, हे तोच ठरवायचा. त्यामुळे दगडाबद्दल बोलायचं तर त्यानेच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"पंप बंद करून मालक घाबरवतोय आपल्याला," संध्याकाळी येऊन तो म्हणाला. "पाणी भरलं तर नुकसान त्याचंच. येईल वळणावर."

"आणि आपलं?" खाटेवरून भाऊ म्हणाला.

पाणी दगडाच्या शिरांतून यायचं. पंप चालू असताना ते कधी कोणाला दिसलंच नव्हतं, नुसते ओले डाग दिसायचे. आता तळातल्या खड्ड्यात डबकं झालं, डबकं पसरलं, खडी चाळायच्या लोखंडी चाळण्या बुडाल्या, आणि मग ट्रक उतरायची उतरण खालून एकेक हात पाण्यात जायला लागली. माणसं सकाळी उठून काठावर यायची आणि आज कुठवर आलं ते बघून परत जायची. कोणी मोजत नव्हतं. मोजायची हिंमत नव्हती.

सूनही बघायची. पण बाकीचे परत फिरले तरी तिचे पाय निघत नसत.

लग्न होऊन ती या पांढऱ्या धुळीच्या गावात आली आणि तेव्हापासून डोक्यावर खडीचं घमेलं होतं. चुंबळीखाली केस विरळ झाले होते. मान पुढे आली होती. उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. वेणी घालायला सासू लागायची. मुलगी मोठी होऊन, लग्न होऊन लांब गेली, तरी घमेलं होतंच. माहेरी मात्र दारातून नदी जायची. भाऊ तिला पाणकोंबडी म्हणायचे. बुडी मारली की ती इतका वेळ वर यायची नाही, की आई काठावर रडायला लागायची, आणि मग ती भलत्याच ठिकाणी डोकं वर काढून दात दाखवायची. ही गोष्ट सासरी कोणाला माहीत नव्हती. लपवली होती असं नाही. तुला पोहता येतं का, असं इथे कोणी कोणाला विचारायचं कारणच नव्हतं.

एका दुपारी पुरुष सगळे फाटकापाशी मालकाच्या माणसाची वाट बघत बसले होते. ती उतरणीवर कपडे धुवायला गेली. कपडे धुऊन झाले. दगडावर वाळत घातले. मग पाय धुवायला ती गुडघाभर पाण्यात गेली. पाणी वरून कोमट होतं आणि पोटऱ्यांपाशी गार होतं. ती आणखी दोन पावलं गेली. कमरेला पाणी लागलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. काठावर कोणी नव्हतं. समोर कडा होता, आणि त्याची सावली पाण्यावर अर्ध्यापर्यंत आलेली होती.

पुढचं पाऊल टाकायला खाली काही नव्हतंच. पाण्याने तिला उचललं.

हात आपोआप चालले. पायांना काही सांगावं लागलं नाही. पाण्याच्या मधोमध पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की उजवा हात कानाच्या वर जातोय, पार वर, आणि दुखत नाहीये. ती पाठीवर पडली. मान, जी इतकी वर्षं काहीतरी पेलतच होती, ती पाण्याने आपल्या हातात घेतली. तिला हसू आलं. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, आणि ठसका लागला म्हणून आणखी हसू आलं.

घरी आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं.

"कुठे पडलीस?" सासूने विचारलं.

"पडले नाही. पोहले."

"कोण?"

"मी."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "कशाला?" ती म्हणाली.

"बरं वाटतं, आत्याबाई," एवढंच ती म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तर म्हातारी काठी घेऊन मागे तयार.

"तुम्ही कशाला येताय उन्हात?"

"उद्या तू बुडालीस तर लोक म्हणतील सासूने जाच केला. मी आपली डोळ्यांनी बघायला येते."

ती उतरणीवर एका दगडाच्या सावलीत बसली आणि तिने सुनेचे कोरडे कपडे मांडीवर घेतले. सुनेच्या अंगात नवऱ्याचा जुना सदरा आणि विजार होती. "अगदी माझा मुलगाच दिसतेस," म्हातारी म्हणाली. "तो असा कधी हसला नाही एवढंच."

मग ते रोजचंच झालं. म्हातारी आधी नुसती लक्ष ठेवायची. नंतर विचारायला लागली. खाली काय आहे? चाळण्या दिसतात का? धाकट्याच्या पायावर पडलेला दगड कुठेय? सून बुडी मारून यायची आणि सांगायची. चाळणीवर हिरवट लव आली आहे. एक घमेलं उपडं पडलंय, त्याखाली बेडूक आहे. म्हातारी हे सगळं एखाद्या परगावची बातमी ऐकावी तसं ऐकायची.

"मी झाडांवर चढायचे," एकदा ती मध्येच म्हणाली. "शेंड्यापर्यंत. खालून बाप शिव्या द्यायचा." मग खोकत राहिली.

वस्तीत बोललं जायला लागलंच. खोल्यांमधलं धान्य संपत आलं होतं. दुकानदार आता बायकांना बाहेरच उभं करून "काय हवंय" विचारायचा आणि ऐकून घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. पुरुष आसपास मिळेल ते काम करत होते. तिच्या नवऱ्याला ट्रकअड्ड्यामागचा नाला उपसायचं काम मिळालं. ज्या माणसाच्या शिट्टीवर अख्खी खाण रिकामी व्हायची, त्याला तिथे सगळे "ए" म्हणून हाक मारत होते. अंगाचा वास जाईपर्यंत तो घरात यायचा नाही, बाहेर दगडावर बसून राहायचा.

नळावर पंपवाल्याची बायको तिला म्हणाली, "आमची कामं बुडाली तिथे तू अंघोळी करतेस. जरा मनाला विचारून बघ."

पंपवाला म्हणजे उंच्या. अंगाने ताडमाड, सदा थट्टेखोर, तिच्या नवऱ्याचा अगदी लहानपणापासूनचा दोस्त. तो फाटकापाशी म्हणाला, "मालकाने आपला पगार बंद करून वहिनीला तळं बांधून दिलं." सगळे हसले. नवराही हसला. पण घरी आला तेव्हा त्याने जोडे भिंतीवर आपटले.

"उद्यापासून जायचं नाही."

तिने चुलीवरचं भांडं उतरवलं.

"लोक हसतात. भावाचा पाय ज्यात मोडला त्या खड्ड्यात तू खेळतेस. घरात एकाचंही तोंड सरळ नाही, आणि तुझं बघ."

"माझं काय?"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. लग्नात पाहिला होता त्याहून तो चेहरा तरुण दिसत होता, आणि त्याचाच त्याला राग आला होता. "काही नाही," तो म्हणाला.

"माझी मान दुखत नाही आता," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं राहिलंच. आज सकाळी मी माझी वेणी घातली."

तो जेवायला बसला. मग तिनेच सांगितलं, जे तिला कालपासून सांगायचं होतं. कड्याच्या बाजूला पाणी वेगळं लागतं. तिथे गार पाण्याची बारीक धार अंगाला लागते, आणि पाणी दुधाळ झालंय, कोणी खडू विरघळवल्यासारखं.

त्याचा घास हातातच राहिला. "कुठे?"

"झुकलाय त्याच्या बरोबर खाली."

"माती सुटतेय," तो हळूच म्हणाला. "दोन थरांमध्ये चिकणमातीची पट्टी आहे. मी मालकाला सांगितलं होतं. तिच्यात पाणी शिरलंय." मग एकदम तिच्याकडे बघून, "त्या बाजूला जायचं नाही. कळलं? इकडे काय पोहायचं ते पोह. तिकडे नाही."

पोहू नको, हे तो विसरून गेला होता. तिने आठवण करून दिली नाही.

तिने त्याचं ऐकलं. पण आता पाण्यात असताना डोळे सारखे कड्याकडे जात. कधी काही कारण नसताना वरून एखादा खडा सुटायचा आणि पाण्यात टुपकन पडायचा. वर्तुळं तिच्या हनुवटीपर्यंत येऊन पोचायची. कड्यावरची पाखरं, जी इतक्या सुरुंगांना हलली नव्हती, ती एक दिवस कुठेतरी निघून गेली. म्हातारीने ते पाहिलं आणि दगड बदलून जरा मागे जाऊन बसली.

आणि तरी, खरं सांगायचं तर, सून त्या दिवसांत सुखात होती. पोट अर्धं असायचं, दिराचं कण्हणं ऐकू यायचं, नवऱ्याच्या हातांना नाल्याचा वास असायचा. हे सगळं तिला दिसत होतं आणि लागतही होतं. पण दुपार झाली की तिचे पाय उतरणीला लागत आणि आत काहीतरी लहान पोरीसारखं पुढे पळायला लागे. त्याची तिला लाजही वाटायची. लाज वाटूनही ती जायची.

मग मुकादम आला. चहाच्या टपरीपाशी त्याने सगळ्यांना गोळा केलं. मालक पुन्हा काम सुरू करायला तयार होता. सगळ्यांना परत घेणार, कोणाला काढणार नाही. कड्याचं नंतर बघू. फक्त अडचण एक होती. पंप सुरू करून पाहिला तर नुसता गुरगुरला आणि गप्प झाला. गाळात रुतलाय. वर ओढून काढायचा तर त्याच्या कडीत तारेचा दोर अडकवायला पाहिजे, आणि कडी खाली पाण्यात. पाणबुडे बाहेरून आणायचे तर कधी येतील सांगता येत नाही.

"तुमच्यात कोणी पोहणारं आहे म्हणतात," मुकादम म्हणाला.

सगळे तिच्या नवऱ्याकडे बघायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांच्या दारात इतकी माणसं आली, की दिराची खाट आत सरकवावी लागली. ज्या बायका नळावर तोंड फिरवत होत्या त्याही आल्या. उंच्या पुढे होता. "वहिनी, चेष्टा केली ती पोटात घाला," तो म्हणाला. "एवढं अडकवून द्या. कडी बरोबर वरच आहे, मीच बसवलीये. तुमचं तळं जाईल, पण आमच्या चुली पेटतील."

"कडा आधी पाडायचा ठरलं होतं," तिचा नवरा म्हणाला.

"ठरलं होतं तेव्हा घरात खायला होतं," मागून कोणीतरी म्हणालं.

माणसं गेल्यावर नवरा तिला म्हणाला, "पंप कड्याच्या खालीच आहे. मी तुला जा म्हणणार नाही."

"नको पण म्हणत नाही तुम्ही."

तो खाली बघत राहिला. "बघून येते," ती म्हणाली.

सकाळी सगळी वस्ती काठावर होती. वर छोटी क्रेन आणून उभी केली होती. मुकादमाने तिच्या कमरेला दोरी बांधली आणि आकडा हातात दिला. तारेच्या दोराला लावलेला तो लोखंडी आकडा घमेल्याइतकाच जड होता. आजवर या पाण्यात तिला काही जड लागलं नव्हतं. ती कड्याच्या सावलीत शिरली तशी गार धार अंगावरून गेली. तिने छातीत दम भरला आणि आकड्याच्या वजनाने सरळ खाली गेली.

दुधाळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. हात पसरून ती चाचपत राहिली. गाळ, मग पाइप, मग पंपाची गोल पाठ. आणि तिच्यावर कडी, उंच्या म्हणाला होता तशीच, वर. आकडा कडीपाशी आणला. आता नुसता सरकवायचा होता. तोल सावरायला तिने डावा हात मागे कड्याला टेकवला आणि हात आत गेला. कोपरापर्यंत आत गेला. तिथे दगड नव्हता. मऊ, गार काहीतरी होतं, ते बोटांमधून वितळून वाहत होतं. वरचा कडा आणि खालचा कडा यांच्यामध्ये आडवी लांबच लांब खाच होती. ती चाचपत सरकली, तरी खाच संपेना. आणि पाण्यात आवाज होता. कानाने ऐकण्याआधी तो दातांना कळला. दगड दगडावर अगदी सावकाश सरकत होता, दार लावून घ्यावं तसा.

तिने आकडा सोडून दिला.

"सापडला?" वर आल्यावर मुकादमाने विचारलं.

"नाही."

"पुन्हा जा. दोन हात डावीकडे."

"गाळ आहे सगळा. सापडणार नाही."

"अगं, कडी वरच आहे," उंच्या ओरडला.

"सापडला नाही," ती म्हणाली आणि उतरणीकडे पोहत आली. म्हातारीने तिच्या अंगावर कोरडे कपडे टाकले. गर्दीतून नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता.

घरी दिवस कलला तेव्हा नवरा तिच्याशेजारी येऊन बसला.

"सापडला होता ना?"

"हो."

"मग?"

तिने हात कुठपर्यंत आत गेला ते कोपराला बोट लावून दाखवलं. आवाजाबद्दल सांगितलं. तो ऐकता ऐकता पांढरा पडत गेला. "पाणीच धरून ठेवतंय त्याला," तो म्हणाला. "पाण्याचा दाब आहे म्हणून उभा आहे. पाणी उपसलं की..." त्याने हात उलटा केला.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "मला पाणी जायला नको होतं. आकडा सोडला तेव्हा तेही मनात होतं. आधी काय आलं ते मला विचारू नका. मलाच कळत नाही."

खाटेवर दीर कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. "मी झोपलोय," तो म्हणाला.

नवरा दुसऱ्या दिवशी टपरीवर गेला आणि त्याने सगळं सांगितलं. पंप सापडला होता, हेही सांगितलं. लपवून त्याला बोलताच येत नव्हतं. झालं उलटंच. लोकांनी तेवढंच धरलं. बाईला पंप सापडला होता आणि तिने आकडा टाकून दिला. खाच कोणी पाहिली नव्हती. तिचं रोजचं पोहणं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

"दोस्ता," उंच्या म्हणाला, या वेळी न हसता, "तुझ्या बायकोला तळं हवंय, म्हणून कडा बोलायला लागला. माझी पोरगी काल पाणी पिऊन झोपली."

"मी दगडावर आयुष्य काढलंय. तुला सांगतोय, खाली जाऊ नको."

"मग खायला तू घालशील का?"

त्यानंतर त्यांच्या घराशी बोलणं बंद झालं. उतरणीवर वाळत घातलेले तिचे कपडे कोणीतरी चिखलात तुडवले. म्हातारीने ते उचलून पुन्हा धुतले आणि मोठ्याने म्हणाली, "पायांचे ठसे मोठे आहेत. बाईमाणूस नव्हे." एवढंच.

मालकाने दुसऱ्या खाणीतून पंप आणला. तो उतरणीवरच बसवला. पुन्हा घरघर सुरू झाली आणि वस्तीत कितीतरी दिवसांनी कोणीतरी मोठ्याने हसलं. पाणी उतरायला लागलं. कड्यावर ओला काळा पट्टा उघडा पडला आणि रोज रुंद होत गेला. तिचा नवरा सकाळी उतरणीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. माणसं त्याला वळसा घालून जायची. ती पाण्यात जातच होती, पण पलीकडच्या टोकाला, आणि जाऊन नुसती तरंगायची. हे संपणार हे तिला कळत होतं. वाईट त्याचं वाटत नव्हतं. तिला वाटायचं, संपायचं तर एवढंच संपू दे.

पाणी उतरलं तसा पंपाचा पाइप पुढे सरकवायची वेळ आली. ते उंच्याचं काम. तो तराफ्यावर उभा राहून पाइप ओढत कड्याच्या सावलीत गेला. ती नेमकी तेव्हा कपडे बदलून म्हातारीला उठवत होती. तिने त्याला पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. त्याचं नाव नाही, "अहो" सुद्धा नाही, नुसता घशातून आवाज निघाला. त्याने वळून बघितलं आणि हात वर केला, गप्प बसा म्हणून की काय म्हणून, ते कोणालाच कधी कळलं नाही.

कडा वेगाने आला नाही. आधी त्याचा ओठ खाली आला, मग मधला भाग पुढे झाला, आणि मग सगळं एकदम पाण्यात बसलं. पाणी भिंतीसारखं उठलं. तिने म्हातारीला खांद्याला धरून वर ओढलं. लाट उतरणीवरचा पंप, क्रेनची चाकं, माणसं, सगळ्यांना धुऊन मागे गेली. धूळ खाली बसली तेव्हा पंप बंद होता. पाण्यावर तराफ्याची एक फळी फिरत होती.

पाण्यात जा असं कोणी तिला सांगितलं नाही, आणि कोणाला सांगायचं तोंडही नव्हतं. सगळे फक्त तिच्याकडे बघत उभे होते. ती कमरेला दोरी बांधून अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेली. नवरा काठावर गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं. ती गेली आणि आली, गेली आणि आली. पाणी पिठासारखं झालं होतं. शेवटी तिला उंच्याचा पाय सापडला. दगड त्याच्या अंगावर नव्हता. तो पाइपच्या वेटोळ्यात अडकला होता फक्त. एवढा मोठा माणूस पाण्यात हलका होता. उतरणीला लागल्यावर तो जड झाला आणि चौघांना उचलावा लागला.

मालकाने खाण कायमची सोडली. मुकादम आला तो लोखंड न्यायला आला. एकेक खोली रिकामी होत गेली. तिच्या नवऱ्याला लांब एका रस्त्याच्या कामावर बोलावणं आलं होतं. तो भावाला घेऊन पुढे गेला, घर लागलं की या दोघींना नेणार होता. जाताना तो तिला म्हणाला, "मी आणखी जोरात सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "मी सापडला नाही म्हणायला नको होतं. खाच आहे, असंच तिथे सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं." त्याने तिच्या मानेवर हात ठेवला, थोडा वेळ, आणि गेला.

उंच्याला बाहेर काढल्यापासून ती पाण्याकडे फिरकली नव्हती. पाणी पुन्हा चढत होतं.

"जात नाहीस?" एका दुपारी म्हातारीने विचारलं.

"लोक काय म्हणतील."

"लोक गाडी भरून गेले. आता मी आणि तू. आणि ती."

ती म्हणजे उंच्याची बायको. तिचा भाऊ तिला न्यायला यायचा होता. पोरीला त्याने आधीच नेलं होतं. दोघी उतरणीवर पोचल्या तर ती तिथेच बसलेली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. तिने यांना पाहिलं आणि पाहिलं नाही असंही केलं नाही.

"रोज यायचीस," ती म्हणाली. "काय मिळतं तुला तिथे?"

"लहानपणी मिळायचं तेच."

"काय पण?"

तिने विचार केला. खोटं बोलावंसं वाटेना. "वजन जातं," ती म्हणाली.

उंच्याची बायको पाण्याकडे बघत राहिली. "सगळं?"

"आत असेपर्यंत."

मग सून पाण्यात उतरली. पहिल्यांदा अंग शहारलं, हात आखडले; त्या पायाचा स्पर्श बोटांत अजून होता. ती थांबली नाही. मधोमध जाऊन पाठीवर पडली. आभाळ होतं. मान सुटली, खांदा सुटला, आणि जे सुख नेहमी यायचं ते आलं, तसंच, जराही कमी नाही. तिला रडू आलं, आणि रडताना ती तरंगत होती.

म्हातारीची काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग भराभर.

तिने मान वळवली. उंच्याची बायको कपड्यांनिशी पाण्यात उभी होती. कमरेपर्यंत. तिच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती आणि पुढे सरकत होती. सून पालथी झाली आणि या पाण्यात कधी पोहली नव्हती इतक्या जोरात हात मारत निघाली. पोचली तेव्हा पाणी त्या बाईच्या छातीला लागलं होतं. तिने पाण्याखालूनच तिचं मनगट धरलं.

"पुढे नको. इथून सरळ खाली आहे."

"माहीत आहे," ती बाई म्हणाली.

दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"सोड."

"नाही."

वर म्हातारी खोकत होती. पडलेल्या कड्याच्या ढिगातून कुठेतरी बारीक खडी घसरली आणि थांबली. उंच्याच्या बायकोने डोळे मिटले, उघडले, आणि पहिल्यांदाच वळून तिच्याकडे बघितलं.

"मग पाय कसे मारायचे ते सांग," ती म्हणाली.